तंबूतलं धुणं: माळवा-निमाडच्या भटकंतीत कपडे धुवायचे आणि वाळवायचे कसे

इंदूरहून गाडी, तंबू आणि शेगडी घेऊन निघणारी मराठी कुटुंबं आता पुष्कळ दिसतात. कोणी मांडूला जातं, कोणी महेश्वरला, कोणी इंदिरा सागरच्या काठी हनुवंतियाला. सुट्टी लांबली तर पचमढी. खाण्यापिण्याची तयारी चोख असते. पोह्यांबरोबर जिरवण मसाल्याची पुडीसुद्धा आठवणीने भरलेली असते. धुण्याचा विचार मात्र निघताना कोणी करत नाही. मग चार दिवसांसाठी माणशी दहा कपडे, डिकीत हात घालायला जागा नाही, आणि परतताना एका पिशवीत दडपलेलं आंबूस वासाचं गाठोडं. घरातल्या एकीलाच पुढचे दोन दिवस ते निस्तरावं लागतं, आणि तिची सुट्टी तिथेच फिटते. हे टाळता येतं. पाच माणसांचं रोजचं धुणं मुक्कामावर अर्ध्या-पाऊण तासात उरकतं, आणि सगळ्यांनी हात लावला तर त्याहून लवकर.

यात धुणं हा सोपा भाग आहे. खरी अडचण वाळवण्याची. कपडे कोणते न्यायचे, किती वाजता धुवायचे, साबण किती घालायचा, एवढंच काय तंबू कुठे ठोकायचा, हे सगळं कपडे वाळणार कसे यावरून ठरवा.

निघण्याआधी: कपड्यांची निवड

सूत पाणी धरून ठेवतं. वाळलेल्या सुती कापडातसुद्धा हवेतला ओलावा वजनाच्या 8.5 टक्क्यांच्या आसपास असतो, लोकरीत 16 टक्क्यांच्या आसपास, आणि पॉलिएस्टरमध्ये अर्धा टक्काही नसतो. म्हणूनच खेळाडूंचे टी-शर्ट पिळून झटकले की तासा-दोन तासांत अंगात घालता येतात आणि जीन्स हिवाळ्यात दुसऱ्या दिवशीही कमरेपाशी दमटच राहते. पॉलिएस्टरचा दोष असा की घामाचा वास त्यात मुरतो. ते रोज धुवावंच लागतं. सुती कपडा दोन दिवस निभावतो.

ऋतूप्रमाणे निवड करा. एप्रिल-मेमध्ये माळव्याची हवा इतकी कोरडी असते की पातळ सुती सदरा दुपारी बघता बघता वाळतो. त्या दिवसांत सुती कपड्यांसारखं सुख नाही. पावसाळ्यात सुती कपडे कमीत कमी आणि सिंथेटिक जास्त. हिवाळ्यात आत पातळ, वर एक लोकरी स्वेटर, आणि तो स्वेटर प्रवासात धुवायचा नाही. जीन्स कोणत्याच ऋतूत एकाहून जास्त नको.

किती कपडे? नर्मदा परिक्रमा करणारे याचं उत्तर पिढ्यान् पिढ्या देत आले आहेत. एक जोड अंगावर, एक झोळीत. मुक्कामी धुवायचा, नाहीच वाळला तर चालताना पाठीवर पसरून वाळवायचा. आपण त्यात एक जोड वाढवावा: एक अंगावर, एक दोरीवर, एक कोरडा राखीव. राखीव जोडाला आणीबाणीशिवाय हात लावायचा नाही. आतले कपडे आणि मोजे मात्र माणशी चार घ्या, कारण त्यांच्या बाबतीत तडजोड करू नये.

टॉवेलांचं काय? जाड टर्किश टॉवेल घरी ठेवा. पंचा घ्या. आपल्या आजोबा-पणजोबांचा पातळ सुती पंचा अंग पुसायला पुरतो, सहज पिळला जातो, अर्ध्या तासाच्या उन्हात वाळतो आणि घडी घातली तर तळहाताएवढी होते. शिवाय धुण्याच्या कामात त्याचा आणखी एक मोठा उपयोग आहे, तो पुढे सांगते.

महेश्वरी साडी, बाघ प्रिंटची (बाघ गावच्या ठशांच्या छपाईची) ओढणी असले कपडे नेऊ नका, आणि तिकडे विकत घेतलेत तर तिकडे धुवू नका. नव्या बाघ प्रिंटचा सुटा रंग पहिल्या काही धुण्यांत उतरतो. घरी आल्यावर थंड पाण्यात, एकटे, चुबकून धुवा.

सोबत काय घ्यावं

मुख्य वस्तू म्हणजे घट्ट झाकणाची बादली. रंगाची रिकामी 20 लिटरची बादली उत्तम. कडी मजबूत आणि झाकण हवाबंद. मात्र आत पाण्यात विरघळणारा भिंतीचा रंग होता ना, एवढी खात्री करा. ऑइल पेंटची बादली घेऊ नका. निवडलेली बादली आधी घरी दोन-तीनदा घासून धुवा. प्रवासात हीच बादली सामानाचा डबा होते, बसायचं स्टूल होते.

दुसरी, ड्राय बॅग. नदीत राफ्टिंगला जाताना सामान कोरडं ठेवायला नेतात ती, तोंड गुंडाळून बंद करायची पिशवी. 15 ते 20 लिटरची पुरते. तिचा उपयोग धुवायला होतो आणि परतताना ओले कपडे ठेवायलाही होतो.

बाकी सामान किरकोळ आहे: 12 ते 15 मीटर नायलॉनची बारीक दोरी, दोन डझन चिमटे, एका छोट्या बाटलीत लिक्विड डिटर्जंट, साबणाची अर्धी वडी, मऊ ब्रश, भांड्यांच्या लिक्विडची लहान बाटली, जाळीची एक पिशवी, चार हँगर आणि दोन जास्तीचे पंचे. इंदूरच्या सियागंज-राणीपुरा बाजाराच्या एका फेरीत हे सगळं मिळतं. पावडरपेक्षा लिक्विड बरं, कारण थंड पाण्यात पावडरीचे कण विरघळत नाहीत आणि ते काढायला आणखी पाणी जातं.

पाणी कुठून घ्यायचं, आणि साबणाचं पाणी कुठे टाकायचं

नदीत, तलावात, धबधब्याखालच्या डोहात साबण लावून कपडे धुवू नका. इंदूरकरांनी तर मुळीच नको. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून नर्मदेचं पाणी उपसून, विंध्याचा घाट चढवून, सुमारे 70 किलोमीटरवरच्या आपल्या शहरात आणलं जातं. 1978 पासून इंदूरच्या नळाला हे पाणी आहे. वर ओंकारेश्वरला कोणी काठावर बसून डिटर्जंटचा फेस सोडला, तर तो खाली वाहत आपल्याच उपसा केंद्रासमोरून जातो. कचरा वेगळा करायचं वळण ज्या शहराने घराघरात लावलं, त्या शहराच्या माणसाने सुट्टीत नदीकाठी डिटर्जंटची रिकामी पुडी टाकून यावी, हे मला पाहवत नाही. बरेच परिक्रमावासी नर्मदेत स्नान करतानाही साबण लावत नाहीत. ती शिस्त सहलीला गेलेल्यांनीही पाळावी.

साबणाने नेमकं काय होतं? डिटर्जंट पाण्याचा पृष्ठताण कमी करतं. पाण्यावर चालणारे किडे त्यामुळे तरंगू शकत नाहीत, आणि माशांच्या कल्ल्यांवरचा संरक्षक थर निघून जातो. ‘निसर्गात विघटन होणारा’ असं लिहिलेला साबणही पाण्यात टाकायचा नसतो. त्याचं विघटन करणारे जीवाणू मातीत असतात, म्हणून त्याला माती लागते.

तेव्हा पाणी बादलीत भरून काठापासून निदान 60-70 मीटर दूर न्या, म्हणजे मोठ्या माणसाची ऐंशी-नव्वद पावलं. तिथे धुवा आणि फेसाचं पाणी उताराच्या विरुद्ध बाजूला, गवताळ जमिनीवर पसरून ओता. एकाच जागी ओतलं तर डबकं होतं. काळ्या मातीत पावसाळ्यात पाणी मुरत नाही, ती आधीच फुगून बसलेली असते. त्या दिवसांत मुरमाड किंवा दगडगोट्यांची जागा शोधा, नाहीतर मुक्कामाच्या जागेच्या नाल्यात टाकायची परवानगी विचारा. सार्वजनिक हापशाच्या किंवा विहिरीच्या ओट्यावर धुणं बडवत बसू नका. गावातल्या बाया तिथून पिण्याचं पाणी भरतात.

पाणी घ्यायला उतरतानाही जपा. इंदिरा सागर आणि ओंकारेश्वर या धरणांखाली नर्मदेची पातळी पाणी सोडल्यावर बघता बघता वाढते. 2005 मध्ये देवास जिल्ह्यात धाराजीला जमलेले यात्रेकरू असेच अचानक आलेल्या पाण्यात वाहून गेले. भोंगा ऐकू आला की बादली तिथेच टाकून वर या. पात्रातल्या खडकांवर धुणं मांडून बसण्याचा विचारही करू नका. नर्मदेत मगरी आहेत, हेही लक्षात असू द्या.

बोअरचं पाणी मिळालं तर ते बहुधा जड असतं. साबणाच्या वडीला फेस येत नाही, कपड्यावर पांढुरकी चिकट साय बसते. पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबणाचा संयोग होऊन ती तयार होते. अशा ठिकाणी वडी फक्त कॉलर-बाह्यांपुरती वापरा, बाकी काम लिक्विड डिटर्जंटवर सोपवा. त्याची अशी साय बनत नाही. चिमूटभर धुण्याचा सोडा आधी पाण्यात विरघळवला तर पाणी हलकं होतं.

रोजचं धुणं, पायरीपायरीने

रोज थोडं धुवा. तिसऱ्या दिवशी साठलेलं सगळं काढलं तर पाणी पुरत नाही, दोरी पुरत नाही आणि ऊनही पुरत नाही. पाच जणांचे आतले कपडे, मोजे आणि तीन-चार सदरे एवढं रोजचं धुणं 12 ते 15 लिटर पाण्यात आरामात होतं.

पहिली पायरी, झटकणं आणि वेचणं. पावसाळ्यानंतर जंगलवाटा तुडवून आलात तर मोज्यांत आणि पँटच्या पायात गवताची कुसळं आणि गोखरू घुसलेले असतात. ते कोरडे असतानाच काढा. भिजल्यावर कुसळाचं शेपूट पीळ सोडत फिरतं आणि ते विणीत आणखी आत शिरतं. धुळीचे कपडे वाऱ्याच्या दिशेने जोरात झटका. उन्हाळ्यात निम्मी मळ इथेच जाते. खिसे तपासा.

दुसरी, क्रम लावणं. कमी मळलेले आणि फिक्या रंगाचे आधी, आतले कपडे त्यानंतर वेगळे, मोजे आणि चिखलाचे सगळ्यात शेवटी. साबणाचं पाणी तेच वापरत जायचं.

तिसरी, भिजवणं. ड्राय बॅगमध्ये तीन-चार लिटर पाणी आणि एक लहान चमचा लिक्विड. एवढंच. फेस जास्त म्हणजे स्वच्छता जास्त हा समज घरीही चुकीचा आहे, आणि जिथे पाणी वाहून आणावं लागतं तिथे तो महाग पडतो. कपडे घाला, आतली हवा थोडी काढून तोंड तीन-चार वेळा गुंडाळा आणि पंधरा मिनिटं उन्हात ठेवून द्या. गडद रंगाची पिशवी असेल तर पाणी कोमट होतं, आणि कोमट पाण्यात घाम-तेल लवकर सुटतं.

चौथी, मळणं. बंद पिशवी चटईवर ठेवून कणकेसारखी दोन-तीन मिनिटं तिंबा, उलटी करा, पुन्हा तिंबा. मुलांना हे काम फार आवडतं. कॉलर, काखा आणि बाह्यांच्या कडा यांना वेगळा ब्रश मारा. दगडावर आपटायची गरज नाही. त्याने शिवण उसवते आणि बटणं फुटतात.

पाचवी, पिळून मग खळबळणं. हा क्रम बरेच जण उलटा करतात आणि सगळं पाणी त्यातच वाया जातं. समजा, साबणाच्या पाण्यातून काढलेल्या कपड्यांत एक लिटर घाण पाणी उरलं आहे. त्यांना एकदम 6 लिटर पाण्यात खळबळलं तर साबण सातपट पातळ होतो. तेच 6 लिटर तीन-तीन करून दोनदा वापरलं, तर प्रत्येक वेळी चौपट म्हणजे एकूण सोळापट. आणि दर वेळी आधी नीट पिळून अर्धाच लिटर ठेवला, तर सात गुणिले सात, म्हणजे एकोणपन्नासपट. पाणी तेवढंच, फरक फक्त पिळण्याचा. कपडे वाळल्यावर कडक आणि चिकट लागतात, अंगाला खाज येते, ती राहिलेल्या साबणामुळे. दुसऱ्या खळबळीचं पाणी स्वच्छच असतं. ते पुढच्या घाण्याला साबण घालायला वापरा. शेवटचं फेसाचं पाणी पायातल्या सँडला, चटई आणि गाडीची चिखलाने भरलेली चाकं धुवायला चालतं. चाकं धुतानाही काठापासून दूरच.

दुसऱ्या दिवशी मुक्काम हलणार असेल तर आणखी सोपी युक्ती आहे. झाकणाच्या बादलीत निम्म्याहून कमी पाणी, चमचाभर लिक्विड आणि कपडे भरा, झाकण ठोकून बसवा आणि बादली डिकीत पट्ट्याने आवळून बांधा. सिमरोल-चोरलकडचा भेरूघाट उतरून ओंकारेश्वरला पोहोचेपर्यंत वळणं आणि खड्डे कपडे घुसळून काढतात. तिथे फक्त दोनदा खळबळायचं. बादली सैल ठेवू नका. ब्रेक लागल्यावर ती पुढे येऊन कोणाला लागेल. कडक उन्हात बंद गाडीत दिवसभर तशीच ठेवली तर मात्र कपडे आंबतात.

पिळणं आणि वाळवणं

हाताने पिळलेल्या सुती कपड्यात जवळजवळ त्याच्या वजनाइतकं पाणी उरतं. ते कमी करण्याचा उपाय म्हणजे पंचा. कोरडा पंचा चटईवर पसरा, त्यावर पिळलेला कपडा सपाट ठेवा, दोन्ही मिळून घट्ट गुंडाळी करा आणि दोन माणसांनी दोन टोकं धरून विरुद्ध दिशांना पिळा. पंचा बरंचसं पाणी ओढून घेतो, आणि तो स्वतः पातळ असल्याने लवकर वाळतो. हिवाळ्यात आणि पावसाळ्यात ही एकच कृती वाळण्याचा वेळ खूप कमी करते. लोकरी आणि लवचिक कपडे मात्र पिळू नका. गुंडाळीवर गुडघ्याने दाब द्या.

दोरी बांधताना वारा तिला आडवा लागेल अशी बांधा, म्हणजे कपडा शिडासारखा उघडतो. एक टोक गाडीच्या कॅरियरला, दुसरं झाडाला. झाडाला बांधताना मध्ये जुनं फडकं गुंडाळा, साल सोलवटत नाही. विजेच्या खांबाला किंवा तारांजवळ कधीही बांधू नका. दोरी दुहेरी घेऊन तिला पीळ देत ताणली तर कपड्याची कोपरं त्या पिळात अडकवता येतात आणि चिमट्यांवाचून काम होतं. जोराच्या वाऱ्यातही कपडे सरकत नाहीत. माणसांच्या वाटेवर दोरी नको. अंधारात ती गळ्याला लागते. मध्यावर एक पांढरं फडकं बांधून ठेवा.

कपडे टांगायचीही रीत आहे. सदरा खालच्या घेराकडून टांगा, म्हणजे खांद्यावर चिमट्याच्या खुणा पडत नाहीत. पँट उलटी करून कमरेकडून, खिसे बाहेर काढून. दोन कपड्यांत वितभर अंतर ठेवा. जाड कपडा दोरीवर दुमडून टाकण्याऐवजी समांतर दोन दोऱ्यांवर पसरला तर मधून वारा खेळतो. टांगण्याआधी जोरात झटका; सुरकुत्या जातात आणि इस्त्रीची आठवण येत नाही. रंगीत कपडे उलटे करून किंवा सावलीत वाळवा. मेमध्ये ऊन लागतच नाही, कोरडा वारा पुरतो.

झुडपांवर कपडे पसरण्याचा मोह टाळा, विशेषतः हिवाळ्यात. खाजकुइलीच्या मखमली शेंगा त्या सुमारास पिकतात. तिची लव कपड्याला लागली तर अंगाची आग आग होते आणि धुऊनही लवकर जात नाही. ओंकारेश्वर-मांडूकडे माकडांवरही नजर हवी. खाण्याचा वास असलेला मुलांचा अंगरखा ती आधी पळवतात. आणि बाहेर वाळलेला प्रत्येक कपडा, प्रत्येक मोजा घालण्याआधी झटका. निमाडात विंचू निघतात.

आता वेळ. हिवाळ्यात माळव्याच्या पठारावर रात्रीचा पारा 10 अंशांच्या खाली जातो आणि पहाटे सगळ्यावर दव पडतं. म्हणून सकाळी दहाच्या आत दोरीवर, संध्याकाळी पाचच्या आत तंबूत, वाळले असोत वा नसोत. बाहेर राहिलेला अर्धवट वाळलेला कपडा सकाळी पुन्हा चिंब असतो. घाटाखाली महेश्वरला, मंडलेश्वरला हवा उबदार. तिथे जाड धुणं काढा आणि मांडूत वरच्या गार हवेत फक्त आतल्या कपड्यांचं बघा. सहलीचा क्रम आपल्या हातात असेल तर हे ध्यानात ठेवून आखा. उन्हाळ्यात उलट, संध्याकाळी धुवा. रात्रीत वाळतात आणि दुपारच्या धुळीच्या वावटळीतून वाचतात.

पावसाळा हा खरा कसोटीचा काळ. ढगात बुडालेली मांडू बघायला सगळे त्याच दिवसांत जातात, आणि तेव्हाच हवेत इतकी वाफ असते की दोरीवरचा कपडा दोन दिवस तसाच लटकतो. अशा वेळी फक्त आतले कपडे आणि मोजे धुवा, पंच्यात दोनदा पिळा, हँगरवर लावून गाडीत मागच्या खिडकीशी टांगा आणि प्रवासात एसी चालू ठेवा. एसी हवेतली वाफ काढून टाकतो, त्यामुळे तासा-दीड तासाच्या वाटेत पातळ कपडे वाळून जातात. हँगर चालकाच्या मागची काच झाकणार नाहीत असे लावा. रात्री दमट मोजे छातीशी, पांघरुणाच्या आत घेऊन झोपण्याची गिर्यारोहकांची रीत आहे. पातळ मोज्यांपुरती ती चालते.

तंबूत दोरी बांधून ढीगभर कपडे वाळत घालू नका. दोन किलो सुती धुण्यातून दोनेक लिटर पाणी तंबूच्या हवेत जातं, थंड कापडावर दवासारखं जमतं आणि पहाटे पांघरुणावर ठिबकतं. आणि एक गोष्ट अगदी हात जोडून सांगते: तंबूत किंवा बंद गाडीत गॅसची शेगडी अथवा कोळशाची सिगडी पेटवून कपडे वाळवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. झोपेत माणसं जातात.

डाग

चिखल पूर्ण वाळू द्या. माळव्याची काळी माती ओली असताना चोळली तर धाग्यात बसते. वाळल्यावर हाताने चोळून, ब्रशने झाडून निम्म्याहून जास्त निघते, मग थंड पाणी. दाल-बाफल्यांचं तूप सांडलं तर कोरड्याच कपड्यावर भांड्यांच्या लिक्विडचा थेंब चोळून दहा मिनिटं ठेवा, मग भिजवा. हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो. घाबरायचं कारण नाही, क्षारात हळद लाल होतेच. नीट धुऊन कडक उन्हात टाका. हळदीचा रंग प्रकाशात उडतो, दोन-तीन दिवसांच्या उन्हात डाग फिका पडत जातो. रक्ताला नेहमी थंड पाणी, गरम पाण्याने ते धाग्यात पक्कं होतं. शेकोटीच्या धुराचा वास धुवायची गरज नाही, रात्रभर आडोशाखाली वाऱ्यावर टांगा.

आतले कपडे, मासिक पाळी, लहान बाळ

दमट आतले कपडे घालणं म्हणजे जांघेत गजकर्णाला आमंत्रण. ते पूर्ण वाळले आहेत का, हे कमरेच्या इलॅस्टिकला आणि जाड शिवणीला हात लावून बघा. कापड कोरडं लागलं तरी शिवण ओली असते.

बायका-मुलींचे आतले कपडे आणि पाळीचे कापडी पॅड सदऱ्याखाली, पंच्याखाली लपवून वाळवायची सवय घराघरात आहे. कृपा करून ती सोडा. त्यांनाच ऊन आणि वारा सगळ्यात जास्त लागतो. फार उघडं वाटत असेल तर तंबूच्या मागच्या बाजूला, उन्हात, स्वतंत्र दोरी बांधा. पॅड आधी थंड पाण्यात भिजवून ते पाणी मातीत ओता, मग साबण. घरातल्या पुरुषांनी दोरी बांधताना ही दुसरी दोरीही न सांगता बांधावी.

बाळाची दुपटी आणि लंगोट वेगळ्या बादलीत. शी आधी खड्ड्यात झाडून, वितभर माती टाकून बुजवा. तो खड्डाही काठापासून दूर. लंगोट धुऊन शेवटी किटलीभर उकळत्या पाण्यात काढा. बाळासाठी साबण नेहमीच्या निम्मा आणि खळबळणं तीनदा.

कॅरॅव्हॅन असेल तर

कॅरॅव्हॅनमध्ये ताज्या पाण्याची टाकी असते आणि सांडपाण्याची वेगळी. आत धुतलेलं पाणी दुसऱ्या टाकीत साठतं, म्हणजे एक लिटर वापरलं की एक लिटर जागा भरली. टाकी रस्त्याकडेला सोडायची नसते. रिसॉर्ट किंवा पर्यटन निवासाच्या व्यवस्थापकांना आल्याआल्या विचारा, सांडपाणी कुठे सोडायचं. लहान पोर्टेबल मशीन नेत असाल तर ते बाहेरच्या वीजजोडणीवरच चालवा, इन्व्हर्टरवर पंखा-दिवे राहू द्या. त्यातला खरा उपयोगी भाग स्पिनरचा आहे. धुणं हाताने करून पिळायला स्पिनर वापरलात तरी पाणी वाचतं आणि वाळणंही झपाट्याने होतं. गाडीच्या आत कपडे टांगायचेच झाले तर छताची खिडकी उघडी ठेवा. नाहीतर गादीखाली आणि कपाटाच्या मागे बुरशी धरते, आणि भाड्याच्या गाडीत पुढच्या कुटुंबालाही तो कुबट वास भोगावा लागतो.

धोब्याकडे द्यायचं तेव्हा

सहा-सात दिवसांची सहल असेल तर मध्ये एकदा गावातल्या धोब्याकडे किंवा लाँड्रीत चादरी, पँटी असं जड धुणं द्यावं. देण्याआधी परत कधी मिळणार ते विचारा, आपण तिथे असू तोवर मिळणार असेल तरच द्या. कपडे मोजून फोनमध्ये फोटो काढा. भाव करू नका. चादर पिळण्याचे कष्ट तुम्ही मुक्कामावर स्वतः करून पाहिलेले असतात. आतले कपडे देऊ नका, ते आपले आपण धुवावेत.

परतीचा दिवस

शेवटच्या सकाळी काहीही धुवू नका. मळके पण कोरडे कपडे जाळीच्या पिशवीत भरा. कोरड्या मळाला वास फारसा येत नाही. आदल्या दिवसाचं काही ओलं राहिलंच तर तेवढंच ड्राय बॅगमध्ये, सगळ्यात वर, पटकन हाताला येईल असं ठेवा आणि घरी पोहोचल्यावर चहा टाकायच्या आधी गच्चीवर वाळत घाला. दोरी आणि चिमटे पुसून बादलीतच ठेवा. बादलीचं झाकण मात्र दोन दिवस उघडं असू द्या.